काटा मध्ये आला की

मोटारसायकलखालचा पुठ्ठा बदलायची दुपार मला आवडते. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर महिनाभराचे तेलाचे ठिपके. घरच्यांच्या मते तो कचरा. मी तो कुंडलीसारखा वाचतो. डावीकडचा मोठा डाग प्रायमरी चेनच्या झाकणाचा, मधला तेल काढायच्या ड्रेन प्लगचा. आज एक नवीनच ठिपका उगवलाय, तो कुणाचा हे शोधण्यात तासभर गेला.

गाडीचं नाव सांगत नाही. ओतीव लोखंडाचं इंजिन, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्यात. ओळखायचं ते ओळखा. हिचा एक फायदा म्हणजे उसनी मागणारा एकदाच मागतो. ब्रेक समजून गिअर दाबतो आणि भिंतीशी बोलून परत येतो.

तेल गाळणं ही या सगळ्या इंग्रजी घराण्याचीच रीत. बीएसए, नॉर्टन, ट्रायम्फच्या जुन्या ट्विन (दोन सिलिंडरच्या) इंजिनांचे क्रँककेस, म्हणजे इंजिनाची खालची कवचं, उभे चिरलेले. जोड थेट तळापर्यंत गेलेला, मग तेल तरी काय करणार? होंडाने १९६९च्या सीबी७५०ला आडवा चिरलेला क्रँककेस दिला, वर बटणस्टार्ट. चार वर्षांत बीएसएचा संसार आटोपला. दिव्यांचं तर विचारूच नका. दिव्याबत्तीचं सामान बनवणाऱ्या लुकासच्या स्विचला तीन जागा असतात, मिणमिण, फडफड आणि अंधार, असा विनोद खुद्द इंग्रजच सांगत आलेत. आणि व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापाचे पाने! पान्यावर ३/८ लिहिलेलं असतं, पण तोंड पाऊण इंचाच्या आसपास, कारण आकडा बोल्टच्या जाडीचा. १८४१ साली कुणा सद्‌गृहस्थाने हे ठरवलं आणि माझ्याकडे अजून तो संच आहे. तो मी कुणाला देत नाही. नवऱ्यामुलाच्या सुटासारखा कपाटात असतो.

पहिली अशी गाडी पाहिली ती मामांची, मिरजेला. मे महिना, सकाळचे आठ, बोळात नुकताच सडा पडलेला. मामा इस्त्रीच्या विजारीत, पायात कोल्हापुरी काढून बूट. मला टाकीवर बसवायचे. टाकी थंडगार असायची. समोर दिव्याच्या डोक्यावर अँपिअरमीटर, विजेचा प्रवाह दाखवणारा.

"काटा बघ रे. मध्ये आला की सांग."

किल्ली फिरवली की काटा डावीकडे कलायचा. मामा किक अगदी हळू, पाण्यात पाय घालावा तशी दाबत न्यायचे. एका जागी काटा टुणकन मध्ये यायचा आणि मी बोंबलायचो, "मध्ये!" मग डीकॉम्प्रेसरची, म्हणजे इंजिनातला दाब सोडायची, कळ ओढून किक केसभर पुढे, कळ सोडायची, किक वर आणायची, आणि सगळं वजन टाकून एकच लाथ. घाई केली तर गाडी उलटी लाथ घालायची. एकदा मामा आठवडाभर लंगडत होते. मामींनी विचारलं तर म्हणाले, जिन्यावरून पाय घसरला.

चालू झाली की बोळातली कावळ्यांसकट सगळी मंडळी उठायची. मला वाटायचं, हे माझ्यामुळे झालं. सुट्टी संपून घरी निघताना काळजी लागायची की आता उद्यापासून मामा ऑफिसला जाणार कसे.

किती वर्षांनी ध्यानात आलं, की काटा मामांना गाडीवर बसल्या बसल्या स्वच्छ दिसत असणार.

बीएसएचं नाव आता महिंद्रांच्या गोतावळ्यात आहे, नॉर्टन २०२०पासून टीव्हीएसची. नव्या गाड्या बटणावर सुरू होतात, खाली पुठ्ठा लागत नाही. चांगल्याच असणार.

दिवाळीत मामा आले होते. दोन्ही गुडघे बदललेले, त्यामुळे किकचा प्रश्नच नाही. पण बाहेर जायचं म्हटल्यावर काठी टेकत गाडीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले, चष्मा वर केला, वाकले.

"हं, दाब."

मी हळू दाबत नेली.

"मध्ये!"

मलाही दिसत होता. बोललो नाही. कळ ओढली, सोडली, लाथ मारली. काही नाही. पुन्हा दाबली, पुन्हा "मध्ये!" असं अकरा वेळा झालं. माझा शर्ट पाठीला चिकटला, मामांचा आवाज मात्र दर वेळी चढतच गेला.

शेवटी रिक्षा केली.

"प्लग ओला झाला असेल," मामा म्हणाले.

"बहुतेक," मी म्हटलं.