यूएल्म: ॲलिस चॉसरच्या गावी

ऑक्सफर्डला गेलेली आपली मंडळी कॉलेजं बघतात, लायब्ररीसमोर फोटो काढतात आणि संध्याकाळी लंडनची गाडी पकडतात. एक जादा दिवस काढता आला, तर दक्षिणेला वॉलिंगफर्डच्या अलीकडे असलेल्या यूएल्म या छोट्या गावी जाऊन या. पंधराव्या शतकातल्या एका जमीनदारीणबाईनं आपल्या माणसांची, गावातल्या गरिबांची आणि स्वतःच्या आत्म्याची सोय कशी लावली, ते इथे एकाच उतारावर दिसतं. वर चर्च, त्याला चिकटून खाली गरिबांसाठी बांधलेली घरं, त्याखाली शाळा. तिन्ही इमारती पंधराव्या शतकातल्या, आणि तिन्ही आजही मूळ कामासाठीच वापरात.

ही बाई म्हणजे ॲलिस चॉसर. कवी जेफ्री चॉसरची नात ही तिची ओळख सगळे सांगतात, पण यूएल्म तिच्याकडे आलं ते आईकडून. आई मॉड बर्घर्श ही इथली वारसदार. वडील थॉमस चॉसर अनेकदा हाउस ऑफ कॉमन्सचे स्पीकर झालेले. ॲलिसची लग्नं तीन झाली. पहिला नवरा १४१५ मध्ये फ्रान्समधल्या आर्फ्लरच्या वेढ्याच्या वेळी गेला, दुसरा, सॉल्झबरीचा अर्ल, १४२८ मध्ये तिथल्याच ऑर्लेआँच्या वेढ्यात. तिसरा विल्यम द ला पोल, सफोकचा अर्ल, पुढे ड्यूक. प्रत्येक वैधव्यानंतर हयातीपुरता जमिनीचा हिस्सा तिच्याकडे येत गेला आणि ती स्वतःच्या हिमतीवर मोठी जमीनदार झाली.

१४३७ मध्ये विल्यम आणि ॲलिस यांना राजाकडून परवाना मिळाला: यूएल्मला दोन पाद्री आणि तेरा गरीब माणसं यांच्यासाठी ‘गॉड्स हाउस’, म्हणजेच ही गरिबांची घरं, उभारायचा. खर्चासाठी तीन गावांची जहागीर कायमची तोडून दिली: बकिंगहॅमशरमधलं मार्श गिबन, विल्टशरमधलं कॉनक आणि हॅम्पशरमधलं रॅमरिज. आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखाच हा हिशोब. जमीन देवाच्या नावावर, उत्पन्नातून पूजाअर्चा आणि माणसांचा उदरनिर्वाह, आणि बदल्यात दात्यासाठी प्रार्थना. दोन पाद्र्यांपैकी एकानं गावातल्या मुलांना व्याकरण शिकवायचं, आणि तेही फुकट.

नियम मोठे बारकाईनं लिहिलेले आहेत. प्रत्येक गरिबाला आठवड्याला १४ पेन्स. त्या काळी बांधकामावरच्या मजुराला दिवसाला साधारण ४ पेन्स मिळत, म्हणजे रक्कम चैनीची नव्हे, पण म्हातारपणी हात पसरावा लागू नये इतकी नक्कीच. त्या बदल्यात दिवसातून अनेक वेळा चर्चमध्ये हजेरी, आणि थॉमस व मॉड यांच्या कबरीभोवती उभं राहून संस्थापकांसाठी प्रार्थना. जो यायचा नाही, त्याच्या पैशाला कात्री. आईवडिलांचं स्मरण, स्वतःचा परलोक आणि गावातल्या निराधारांचं पोट, तिन्ही गोष्टी बाईनं एकाच दस्तऐवजात बांधून टाकल्या. मध्ययुगीन दानधर्माबद्दल पुस्तकांतून खूप वाचायला मिळतं, पण त्यामागची व्यवहाराची बुद्धी मला समजली ती इथे, त्या कबरीपाशी उभं राहिल्यावर.

पोहोचायचं कसं ते सांगतो. ऑक्सफर्डहून वॉलिंगफर्डकडे जाणारी बस बेन्सनला थांबते. तिथे उतरून यूएल्मपर्यंत साधारण अर्धा तास चालायचं. वाट सपाट आहे, पण रस्त्याला सगळीकडे फूटपाथ नाही, तेव्हा लहान मुलं बरोबर असतील तर सांभाळून. शेजारीच हवाई दलाचा तळ असल्यानं डोक्यावरून हेलिकॉप्टरं घरघरतात. रविवारी बस कमी असतात आणि सकाळी चर्चमध्ये उपासना चालू असते, म्हणून आठवड्यातला मधला दिवस बरा. जाण्याआधी चर्च उघडं आहे ना याची खात्री करून घ्या. लग्न किंवा अंत्यसंस्कार असेल तर आत फिरता येत नाही. जेवणाचा डबा बरोबर न्या. गावात एक छोटं दुकान आहे, पण शाकाहारी माणसाला पोटभर काही मिळेलच असं धरून चालू नका.

चर्चमध्ये शिरल्यावर थेट उजवीकडच्या, म्हणजे दक्षिणेच्या, सेंट जॉनच्या चॅपलकडे वळा. वर लाकडी छतावर पंख पसरलेले देवदूत आहेत. भिंतीवर येशूच्या नावाची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा रंगवलेली दिसतील. थॉमस आणि मॉड यांच्या कबरीवर पितळी पत्र्यात त्यांच्या आकृत्या आहेत, आणि चारही बाजूंना रंगीत ढाली. या ढाली घाईत सोडू नका. कवीची बायको आणि राजपुत्र जॉन ऑफ गॉन्टची तिसरी बायको या सख्ख्या बहिणी. त्या नात्यातून जोडलेली सगळी बडी घराणी ॲलिसनं बापाच्या कबरीवर मांडून ठेवली आहेत. कवीच्या मुलाची कबर आहे, पण तिथे बोलतात ते सोयरेसंबंध.

ॲलिसची स्वतःची कबर चॅपल आणि मुख्य वेदी यांच्या मधल्या कमानीत आहे. ती १४७५ मध्ये गेली. वर संगमरवरासारख्या दिसणाऱ्या, पण त्याहून मऊ, पांढऱ्या ॲलाबास्टर दगडात तिची मूर्ती: डोक्यावर डचेसचा मुकुट, हात जोडलेले, डाव्या हाताला कोपराखाली ‘ऑर्डर ऑफ द गार्टर’ या राजसन्मानाचा पट्टा. चेहरा वयस्क आणि करारी, ओठ मिटलेले. त्याखालच्या चौथऱ्यावर ढाली धरलेले देवदूत. आणि अगदी तळाशी, दगडी जाळीच्या आत, तिचंच कोरलेलं प्रेत: कफन बाजूला सरकलेलं, बरगड्या वर आलेल्या, केस मोकळे. आता खाली बसा, खरं तर जमिनीवर आडवेच व्हा, आणि मोबाईलचा टॉर्च जाळीतून आत धरा. प्रेताच्या वरच्या छताला चित्रं रंगवलेली आहेत. देवदूत मेरीला शुभवार्ता सांगतोय, आणि मेरी मॅग्डलीन व बाप्तिस्मा देणारा योहान आहेत. उभ्या माणसाला ती दिसत नाहीत. ती पाहायची आहेत फक्त त्या प्रेताच्या उघड्या डोळ्यांनी. माझ्या अंगावर काटा आला. एवढा पैसा ओतून काढलेली चित्रं, आणि ती बघणारं कुणी जिवंत नाही. त्या श्रद्धेपुढे मान झुकते.

बाप्तिस्म्याच्या कुंडावरचं उंच, कोरीव लाकडी झाकणही पाहा. ते ॲलिसच्या मुलानं, जॉननं, दिलं असं सांगतात.

या मुलासाठी ॲलिसनं काय नाही केलं! १४५० मध्ये विल्यमवर संसदेनं आरोप ठेवले, राजानं त्याला पाच वर्षांसाठी हद्दपार केलं. निघण्याआधी ३० एप्रिलला त्यानं सात वर्षांच्या जॉनला पत्र लिहिलं: देवाला भी, राजाशी एकनिष्ठ राहा, आईचा शब्द मोडू नकोस. २ मे रोजी समुद्रातच त्याला पकडून त्याचं डोकं उडवलं. पुढे सगळी इस्टेट सांभाळली ती ॲलिसनं. तिनं वारं ओळखून यॉर्क घराण्याशी सोयरीक जुळवली आणि जॉनला राजा चौथ्या एडवर्डचा मेहुणा केलं. ती हळवी दानशूर बाई होती असं मात्र समजू नका. नॉरफोकमधल्या हेल्झडन आणि ड्रेटन या जमिनींवर तिनं आणि मुलानं हक्क सांगितला, आणि ऑक्टोबर १४६५ मध्ये त्यांच्या माणसांनी हेल्झडनचा पॅस्टन कुटुंबाचा वाडा उद्ध्वस्त केला, तिथलं चर्चही लुटलं. यूएल्मचं चर्च सजवणारं आणि हेल्झडनचं लुटवणारं घर एकच. मला हे क्लेशदायक वाटतं, आणि यूएल्म पाहताना ते विसरू नये असंही वाटतं.

घराण्यासाठी केलेली तजवीज टिकली नाही. थोरला नातू १४८७ मध्ये लढाईत पडला, त्याचा भाऊ एडमंडचा १५१३ मध्ये शिरच्छेद झाला, आणखी एक भाऊ रिचर्ड १५२५ मध्ये इटलीत पाव्हियाच्या लढाईत मारला गेला. जमिनी राजाकडे गेल्या, यूएल्मचा त्यांचा वाडा जवळजवळ नाहीसा झाला. १५४७ च्या कायद्यानं मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या संस्था इंग्लंडभर बंद झाल्या, तरी गरिबांची घरं वाचली. १६१७ मध्ये पहिल्या जेम्सनं त्यांचं प्रमुखपद ऑक्सफर्डच्या वैद्यकशास्त्राच्या राजनियुक्त प्राध्यापकाला जोडून दिलं. मार्श गिबनमध्ये ट्रस्टची मालमत्ता आजही आहे.

चर्चच्या पश्चिम दारातून पायऱ्या उतरल्या की थेट या घरांच्या चौकात येता. विटांचं बांधकाम, भोवती लाकडी खांबांची ओसरी, मध्ये विहीर. इथे आजही माणसं राहतात, म्हणून आवाज हळू, खिडक्यांत डोकावणं नको, आणि ओसरीवर बसून डबा उघडणं तर नकोच. डब्यासाठी खाली ओढ्याकाठी जा, वॉटरक्रेस या पाण्यात वाढणाऱ्या पालेभाजीच्या जुन्या वाफ्यांजवळ. शाळा रस्त्यावरूनच पाहायची. आत वर्ग चालू असतात, मुलांचे फोटो अजिबात काढू नका. वेळ उरला तर परतीच्या बसनं डॉर्चेस्टरला उतरा. तिथलं मठाचं जुनं चर्च बसथांब्यापासून जवळ आहे, पण शेवटच्या बसची वेळ आधी बघून ठेवा.