बस्त्याची खोली

शनिवार, रात्री साडेदहा

दुकानाच्या वरच्या मजल्यावरची बस्त्याची, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीची खोली आज रिकामी करायला घेतली. तिथे तयार कपड्यांचा विभाग करायचं माझ्या मनात आहे. माळ्यावरून चोपड्यांची तीन गाठोडी निघाली, लाल कापडात बांधलेली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दुकान बंद केल्यावर अण्णा आणि मी ती सोडून बसलो ते जेवणाचंही भान राहिलं नाही.

सगळ्यात जुनी चोपडी आबांच्या, म्हणजे आजोबांच्या हातची, मोडीतली. मला मोडी येत नाही, अण्णांना अडखळत येते. ते बोट ठेवून वाचत गेले. आबांनी सेलूत दुकान टाकलं ते पोलीस ॲक्शनच्या दोन वर्षं आधी, म्हणून या चोपडीत रुपये दोन जातींचे आहेत. काही नावांपुढे हाली, काहींपुढे कलदार, म्हणजे इंग्रजी रुपया. निजामाचा हाली रुपया हलका, सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. माल मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटातून यायचा. मनमाडपर्यंत मोठी लाईन आणि तिथून सेलूकडे मीटरगेज, त्यामुळे मनमाडला प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवायची. वर निजामाच्या हद्दीत शिरल्याची करोडगिरी, म्हणजे जकात. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या धोतराला ती पडत नसे, आणि खेड्यातलं गिऱ्हाईक तेच धोतर मागे. आबांनी हमाली, भाडं, करोडगिरी असं एकेका गाठीचं वेगळं मांडलंय. आज आम्ही संगणकावर हिशेब ठेवतो, पण इतकं बारीक नाही ठेवत.

पुढच्या चोपड्या बाळबोध लिपीत आहेत. 1957 नंतर आणे जाऊन नये पैसे आले, मग वार जाऊन मीटर. अण्णा तेव्हा शाळेतून येऊन गादीवर बसायचे. नऊवार लुगडं सव्वाआठ मीटर भरतं हे बायांना पटेना. आठ म्हटलं की एक वार कापला असं वाटायचं. मग आबा जुना लोखंडी गज काढून त्यांच्यासमोर पुन्हा मोजून दाखवत. तो गज अजून गल्ल्याखाली आहे.

पण आज डोक्यात राहिलाय तो बस्ता.

दुकान मोठं कसं झालं, असं कुणी विचारलं की आम्ही घरचे सांगतो, आबांची मेहनत, अण्णांची दृष्टी. ते खरंच आहे. पण चोपड्या ओळीनं वाचल्या की दुसरंही दिसतं. लग्न ठरलं की दोन्हीकडची पंधरा-वीस माणसं बैलगाड्या जुंपून बस्ता बांधायला येत. सकाळी आलेली दिवस कलला तरी वरच्या खोलीत. नवरीचा शालू, नारायणपेठ, इरकल, वरमाईचं लुगडं, करवल्यांच्या साड्या, नवरदेवाचा पोशाख, मग मानपानाची लुगडी, चोळीचे खण, टॉवेल-टोप्या. एखाद्या मामाचा फेटा विसरला तर लग्नात भांडण ठरलेलं. दुपारी सगळ्यांना आमच्याकडून जेवण. आजी खाली चुलीवर पिठलं-भाकरी करायची. शेवटी सगळं पांढऱ्या चादरीत बांधून वर हळदकुंकू, नारळ, आणि नवरीला दुकानातर्फे एक खण.

कापड घेऊन झालं की लोक विचारायचे, भांडी कुठं बघावी? म्हणून आबांनी बाजूचा गाळा घेतला. घागर, परात, गुंडी, पंचपाळं. पुढे पितळ मागे पडून स्टील आलं. मग नवरदेवाला घड्याळ हवं म्हणून घड्याळाचं कपाट. मग सायकल, शिलाई मशीन, ट्रंकेच्या जागी सुटकेस, लोखंडी कपाट, पलंग. एका छताखाली सगळं मिळतं म्हणून अण्णांनी पाटीवर 'डिपार्टमेंटल स्टोअर' लिहून घेतलं. एकेक काउंटर बस्त्याच्या यादीतून निघालाय.

आणि ती यादी मुलीचा बाप भरत होता. हुंडाबंदीचा कायदा झाला 1961 साली. एचएमटीची घड्याळं निघाली तीही त्याच वर्षी. आमच्या उधारीच्या पानांवर घड्याळ आणि सायकल बहुतेक ठिकाणी मुलीच्या बापाच्या नावे आहे, मुदत 'कापसावर', म्हणजे कापूस विकल्यावर. हे मी आज पहिल्यांदा नीट पाहिलं. लहानपणी घड्याळाच्या काउंटरची चावी माझ्याकडे असायची तेव्हा मला केवढा अभिमान होता. अभिमान आजही आहे. पण ती पानं उलटताना पोटात कालवलं. मी अण्णांना सरळच विचारलं, तुम्हाला कधी वाटलं नाही का?

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाटायचं. घड्याळ मागणाऱ्यापुढं मी कमी भावाचं ठेवायचो. तेवढंच येत होतं." मग त्यांनी स्वतःच 1972 ची चोपडी काढली.

ते दुष्काळाचं वर्ष. खेड्याखेड्यातली माणसं रस्त्याच्या कामावर, पाझर तलावावर खडी फोडायला. घरात मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी. कापूस एकाधिकार खरेदीची योजना त्याच साली सुरू झाली, पण विकायला कापूसच नव्हता. लग्नं मात्र थांबली नाहीत. त्या चोपडीत सतरा बस्ते आहेत आणि सतराही उधार. अकरांवर पुढे काट मारलीय, म्हणजे पैसे आले. काही चार वर्षांनी आले, एक तर 1981 मध्ये मुलानं आणून दिले. सहा तशीच उघडी. त्यातल्या एका नावापुढे आबांनी लिहिलंय, 'पाऊस पडल्यावर.' खाली तारीख नाही, रक्कम तीनशे चाळीस.

मी म्हटलं, या आता ठेवून काय करायचं, पानं हातात तुटतायत. अण्णा म्हणाले, "राहू दे बाई. कामून फेकतीस? त्यांच्या नातवंडांपैकी कुणी आलं तर?"

येतात, हे खरं आहे. गेल्या दिवाळीत एक जण आला होता, आमच्या आजोबाचं काही राहिलंय का विचारत. आम्ही काही नाही म्हणून सांगितलं. राहिलं होतं की नाही हे मला आज बघता आलं असतं, पण मी त्या गावाचं पान उलटलं नाही.

आता बस्ते कमी झाले. मुलगा-मुलगी आणि दोन बहिणी मिळून संभाजीनगरला जातात, नाहीतर फोनवरच मागवतात. मुलगी स्वतः निवडते, तिची यादी तीच करते, याचा मला आनंद वाटतो. पण वरच्या खोलीत गाद्या गुंडाळून ठेवल्या तेव्हा घशात दाटून आलं, तेही खोटं नाही.

चोपड्या पुन्हा बांधून घड्याळाच्या रिकाम्या कपाटात ठेवल्यात, वाळवीचं औषध मारून.

आणि उद्या जिंतूरकडून अकरा माणसं येणार आहेत. फोन दुपारीच आला होता. बस्ताच म्हणाले, आणि घड्याळ नको, हेही मुलीच्या आईनं स्वतःहून सांगितलं. गाद्या परत घातल्यात. मटकी भिजत टाकलीय. दूध सहा लिटर सांगून ठेवलंय.