माझा अनुभव: मनिलात बायबायिन शिकताना

नोकरीनिमित्त फिलिपिन्समध्ये मनिलाला आले तेव्हा तागालोग ही इथली भाषा शिकायची हे ठरलेलंच होतं. बायबायिन ही तिची जुनी लिपी आली ती नोटेतून. इथल्या २०१० पासूनच्या नोटा उजेडासमोर धरल्या की पुढची आणि मागची अर्धवट नक्षी जुळून चार अक्षरं उभी राहतात: पि, लि, पि, नो. पासपोर्टच्या पानांवर हीच लिपी आहे, राष्ट्रीय संग्रहालयाच्या बोधचिन्हात आहे, कितीतरी तरुणांच्या दंडावर गोंदलेली आहे. ऑफिसात विचारत सुटले, तर सगळ्यांना लिपीचं नाव माहीत आणि अभिमानही पुरेपूर, पण ती चार अक्षरं वाचून दाखवणारं कुणी सापडेना. ज्या लिपीवर लोकांचा इतका जीव आहे, ती त्यांना वाचता येऊ नये याची मला फार चुटपुट लागली. एका सहकाऱ्याने शनिवारच्या सुलेखनवर्गाचा पत्ता दिला आणि मी नाव घातलं.

वर्ग क्वेझोन सिटीतल्या एका चित्रकार बाईंच्या स्टुडिओत भरायचा. त्यांना सगळे ‘आते’ म्हणत, म्हणजे आपली ताई. मीही ताईच म्हणते. येणारे बहुतेक विशी-तिशीतले: कुणी टॅटू काढणारा, कुणी शाळामास्तर, एक नर्स, दोन आर्किटेक्चरचे विद्यार्थी. परदेशी मी एकटी.

लिपीची रचना मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. मूळ अक्षरं १७. त्यातले स्वर तीन: अ, मग इ आणि ए मिळून एक, उ आणि ओ मिळून एक. उरलेली १४ व्यंजनं, प्रत्येकात अ मुरलेला. व्यंजनाच्या डोक्यावर टिंब दिलं की इ किंवा ए, पायाशी दिलं की उ किंवा ओ. या टिंबाला कुदलित म्हणतात. रोमनमध्ये वाढलेल्या माझ्या सोबत्यांना ‘क’मध्ये अ आधीच आहे हे पचायला वेळ लागला. मला ते बाराखडीनेच दिलेलं होतं. शिवाय आपण शाळेत नुसता घोकतो तो ङ इथे रोजच्या वापरात आहे. शब्दाच्या सुरुवातीलाही येतो: ‘ङिती’ म्हणजे हसू. तो अक्षरात लिहिताना मला झालेला आनंद मी सोबत्यांना समजावून सांगू शकले नाही.

अडलं ते वाचताना. जुन्या बायबायिनमध्ये शब्दाच्या किंवा अवयवाच्या (म्हणजे सिलॅबलच्या) शेवटी येणारं स्वरहीन व्यंजन लिहीतच नाहीत. ताईंनी फळ्यावर दोन अक्षरं काढली, ‘ब’ आणि ‘त’, आणि म्हणाल्या, वाचा. बाता म्हणजे मूल. बातास म्हणजे कायदा. बांता म्हणजे धमकी. बांताय म्हणजे पहारेकरी. चारही शब्द याच दोन अक्षरांत लिहिले जातात, आणि कुठला घ्यायचा ते मागच्यापुढच्या वाक्यावरून ठरतं. सोबती अंदाजाने भराभर पुढे गेले. मी प्रत्येक ओळीशी अडखळत राहिले, कारण अक्षर ओळखीचं असलं तरी कानात तागालोग मुरलेली नव्हती. मोडी वाचणारे जाणतात, तिथेही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद अक्षरात नसतो, वाचणाऱ्याने भाषेच्या बळावर शब्द उचलायचा असतो. त्या दिवसापासून मी सुलेखनाइतकाच वेळ तागालोगला दिला. बाजारातल्या बायकांशी, रिक्षावाल्यांशी, शेजारच्या आजींशी बोलून बोलून कान तयार झाला, तेव्हा कुठे ओळी उलगडायला लागल्या.

इथेच या मंडळींमधला जुना वाद येतो. शेवटचं व्यंजन लिहायचं की नाही? १६२० च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेझ या स्पॅनिश पाद्र्याने इलोकानो भाषेतलं धर्मपुस्तक छापताना अक्षराखाली क्रुसासारखी खूण देऊन त्यातला अ काढून टाकायची सोय केली, आपल्या पाय मोडण्यासारखी. तेव्हाच्या लोकांनी ती फारशी उचलली नाही. आज मात्र बहुतेक तरुण तीच वापरतात. तिसरा पक्ष पामुदपोद नावाची वेगळी खूण वापरतो. ती आंतून पोस्टमा या डच मिशनऱ्यांनी गेल्या शतकात मिंदोरो बेटावरच्या हानुनुओ लिपीसाठी सुचवली होती आणि २०२१ मध्ये युनिकोडच्या तागालोग विभागातही दाखल झाली. मंडळींच्या बोलण्यात या तीन पद्धतींना बी-१७, बी-१७ प्लस आणि बी-१७ एक्स अशी नावं आहेत, आणि चहाच्या वेळी त्यावरून आवाज चढतात.

माझं मत सांगते. रस्त्याची पाटी, औषधाची बाटली, माणसाचं नाव, असं जे चुकून चालणार नाही, तिथे खूण हवीच. पण कविता, म्हण, पत्र जुन्या पद्धतीने लिहावं, कारण त्यात वाचणाऱ्याला भाषेशी झटापट करावी लागते. तसंच ‘द’ आणि ‘र’चं. जुन्या लिपीत दोघांना एकच अक्षर आहे, कारण तागालोगमध्ये दोन स्वरांच्या मधे आलेला द बहुधा र होतो: ‘दुनोंग’ म्हणजे ज्ञान, ‘मारुनोंग’ म्हणजे जाणकार. एकाच अक्षराने लिहिलं की मूळ शब्द डोळ्यांना दिसत राहतो. र वेगळा काढणाऱ्यांशी मी यावरून मनापासून भांडते.

स्पॅनिशांनी सगळी पुस्तकं जाळली म्हणून लिपी मेली, ही गोष्ट इथे वारंवार ऐकू येते. ताईंना ती चालत नाही. त्या म्हणतात, रागाला पुरावा लागतो. मनिलात १५९३ मध्ये छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ या धर्मपुस्तकात पाद्र्यांनीच तागालोग मजकूर बायबायिनमध्येही दिला होता. त्याची माहीत असलेली एकमेव प्रत आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. सान्तो तोमास विद्यापीठाच्या दप्तरात १६१३ आणि १६२५ ची जमिनीची खरेदीखतं या लिपीत आहेत, म्हणजे व्यवहारही तिच्यात चालत होता. पण कोर्टकचेरी आणि चर्च रोमनकडे गेलं, रोमनमध्ये शेवटचं व्यंजन स्पष्ट लिहिता येत होतं, आणि पुढच्या पिढ्यांनी बायबायिन सोडली. १७४५ मध्ये तोतानेस या पाद्र्याने नोंदवलं आहे की ती वाचणारा माणूस आता क्वचित भेटतो, लिहिणारा तर त्याहून विरळा. मला हा इतिहास जास्त अस्वस्थ करतो. मुंबई इलाख्यातल्या दप्तरांतून मोडी गेली तीही कुणी न जाळता.

ताईंनी आम्हाला राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात नेलं. रिझाल पार्कजवळच आहे, प्रवेश मोफत. तिथे लिप्यांचं स्वतंत्र दालन आहे. त्या संग्रहालयात मी ज्या वस्तूपाशी खिळून राहिले ती बायबायिन नव्हे, त्याआधीच्या कावी लिपीतली आहे: लागुना ताम्रपट. लुंबान गावाजवळ नदीच्या मुखाशी वाळू उपसताना १९८९ मध्ये सापडलेला पातळ, काळपट पत्रा, दोन्ही हातांत सहज मावेल एवढा, त्यावर दहा ओळी. भाषा मुख्यतः जुनी मलय. वाचला तो वर सांगितलेल्या पोस्टमांनीच. त्याचं रोमन लिप्यंतर मी मोठ्याने वाचू लागले: स्वस्ति, शकवर्षातीत ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. सोबती माझ्याकडे बघत राहिले. घरच्या कालनिर्णयावर बघतो तशी तिथी, समुद्रापलीकडच्या बेटावर, इसवी सन ९०० मधली. पुढे मजकूर आहे तो नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ झाल्याचा, त्याच्या मुलाबाळांसकट. मग मी त्यांना शालिवाहन शक म्हणजे काय, पंधरवडे कसे मोजतात, वैशाख कधी येतो हे सगळं तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. तोपर्यंत वर्गात मी पाहुणी होते, त्यानंतर राहिले नाही.

मिंदोरोची वारी मात्र मी कुणालाही चुकवू देणार नाही. बातांगास बंदरातून बोटीने कालापानला उतरलं की तिथे मांग्यान हेरिटेज सेंटर आहे. मिंदोरोच्या डोंगरांत राहणाऱ्या मांग्यान लोकांपैकी हानुनुओ आणि बुहिद यांनी आपल्या लिप्या कधी सोडल्याच नाहीत. पलावानच्या ताग्बानुआंच्या लिपीसारख्याच या बायबायिनच्या सख्ख्या बहिणी, आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्या जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतल्या. हानुनुओ हिरव्या बांबूवर चाकूच्या टोकाने आंबाहान कोरतात. आंबाहान म्हणजे सात-सात अवयवांच्या यमक जुळणाऱ्या ओळी, आपल्या जात्यावरच्या ओवीसारख्या वाद्याशिवाय म्हणायच्या. प्रेम, पाहुणचार, पोरांना शिकवण, सगळं त्यात येतं. आंबाहान जपल्याबद्दल गिनाव बिलोग यांना १९९३ मध्ये राष्ट्राचा जिवंत वारसा म्हणून गौरवलं होतं.

एका मांग्यान काकांनी आम्हाला कोरायला शिकवलं. बांबू पोटाशी टेकवून, दुसरं टोक समोर ठेवून, अंगापासून दूर ढकलत कोरायचं, त्यामुळे ओळ खालून वर चढते. चाकू दाबायचा नाही, तिरका धरून सालीचा पापुद्रा तेवढा उचलायचा. वळण काढताना हात स्थिर ठेवून बांबूच किंचित फिरवायचा. मग कोरलेल्या रेघांत काजळी चोळून वरची पुसून घ्यायची की हिरव्यावर काळी अक्षरं लख्ख उठतात. काकांचं अक्षर बारीक आणि वेगवान होतं. ते काही कला दाखवत नव्हते, चिठ्ठी लिहीत होते. मनिलातली मंडळी ‘हरवलेली लिपी’ म्हणतात तेव्हा मला ते काका आठवतात आणि मी दर वेळी टोकते. मांग्यानांची अक्षरं टी-शर्टवर छापणाऱ्यांनी त्यांची परवानगी, त्यांचं नाव आणि त्यांचे पैसे या तिन्ही गोष्टी पाळल्याच पाहिजेत.

परतल्यावर प्रदर्शनाची तयारी सुरू झाली. या कलेला आज चांगले दिवस आहेत. जपानमध्ये काम करून आलेले तायपान लुसेरो तिथल्या कुंचल्याच्या शिस्तीने बायबायिन लिहितात, अमेरिकेतले क्रिस्तियान काबुआय यांनी तर तिथल्या कितीतरी फिलिपिनो मुलांना या लिपीची गोडी लावली. पण आमच्या ताईंचा हट्ट वेगळा होता: चित्र नुसतं बघून कुणी पुढे जाता कामा नये, वाचायला हवं. म्हणून ठरलं की प्रत्येकाने सर्वांना पाठ असलेली एक म्हण लिहायची, जुन्या पद्धतीने, आणि चित्राशेजारी रोमन अक्षर ठेवायचं नाही. अक्षरांचा तक्ता फक्त दारात. यावर बरीच वादावादी झाली. लोक कंटाळून निघून जातील, असं काहींचं म्हणणं होतं. ताई ठाम राहिल्या.

मी घेतलेली म्हण: ‘कुंग माय तियागा, माय निलागा’. चिकाटी असेल तर रस्सा शिजेल. जुन्या पद्धतीत नऊच अक्षरं: कु म ति य ग, म नि ल ग. कुंचला शाईत बुडवून कडेला निथळायचा, श्वास सोडत रेघ ओढायची, कुदलित सगळ्यात शेवटी. ‘ग’चा उतरता पाय मला जमता जमेना, कागदांचा ढीग झाला, पण तो उतरला तेव्हा ताईंनी नुसती मान हलवली आणि कागद वाळत घातला.

प्रदर्शनात एक आजी, इथल्या शब्दात लोला, नातवाबरोबर आल्या. दारातल्या तक्त्याचा नातवाने फोनवर फोटो काढला होता. तो एकेक अक्षर जुळवून म्हणत होता, ‘कु... म... ति... य... ग...’ आणि आजींनी एकदम म्हण पूर्ण केली. मग नातू पहिल्यापासून बोट ठेवून परत वाचू लागला, आता न अडता. त्यानंतर आजींनी भिंतीवरच्या सगळ्या म्हणी त्याच्याकडून वदवून घेतल्या. शब्द आजींकडे होते, अक्षरं त्याच्याकडे. तिथून आमच्या पुढच्या कामाची दिशा ठरली: मुलांना एकटं शिकवायचं नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसासकट बोलवायचं.

ऑगस्ट हा इथे भाषेचा महिना. आमच्या वॉर्डाच्या कचेरीला, म्हणजे बारांगायला, पत्र देऊन बास्केटबॉलच्या छताखालची जागा मागितली. जागा मिळाली, खुर्च्या मिळाल्या, शेजारच्या बाईंनी सगळ्यांना पुरेल एवढी पान्सित केली. मुलांना सगळ्यात आधी आपलं नाव हवं असतं, आणि नावं स्पॅनिश नाहीतर अमेरिकन. फ नाही, व्ह नाही, ज नाही. ताईंचा नियम सोपा: तागालोग तोंडात नाव जसं वाजतं तसं लिहायचं. फ चा प, व्ह चा ब, ज ला ‘दिय’. नावांपुरती मी क्रुसाची खूण शिकवते, म्हणींना नाही. मुलांना दोन्ही जमतं.

बायबायिनला कायद्याने राष्ट्रीय लिपी करावी म्हणून २०१८ मध्ये संसदेच्या समितीने एक विधेयक मंजूर केलं होतं, पण त्याचा कायदा झालेला नाही. मला त्याची घाई वाटत नाही. कापांपांगानांची उभी लिहायची कुलितान आहे, मांग्यानांच्या त्यांच्या आहेत. तागालोग लिपी सगळ्यांवर लादली तर या बहिणींचं नुकसानच होईल. त्यापेक्षा ज्या गावाची जी लिपी ती तिथल्या शाळेत रोज थोडी वाचली जावी.

मनिलातल्या मराठी मंडळींपैकी कुणाला यायचं असेल तर सुरुवात संग्रहालयापासून करा, ताम्रपट आधी बघा. अक्षरं आपल्याला दोन-चार बैठकांत येतात. सोबत तागालोग म्हणींची एखादी वही ठेवा आणि शेजारच्या लोलांकडून त्या म्हणून घ्या. फोनवर जीबोर्डमध्ये २०१९ पासून बायबायिनचा कळफलक आहे, तो चालू करून ठेवा. आमच्या गटात आम्ही एकमेकांना निरोप त्यातच पाठवतो, आणि पुढच्या शनिवारी कुणी काय आणायचं याची यादीही.