रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर

अमळनेरच्या माणसाला बुऱ्हाणपूर माहीत असतं ते गाडीच्या खिडकीतून. उज्जैनला निघालेले, काशीला निघालेले, दिल्लीला मुलाखतीला निघालेले, सगळे भुसावळ सोडल्यावर तासाभरानं या स्टेशनावर चहा पितात, 'लागलं वाटतं मध्य प्रदेश' म्हणतात आणि डबे उघडतात. तिथं उतरायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही. आमच्याही आलं नसतं. पण दिवाळीला पुण्याहून दीर-जाऊबाई आले, मुलांनी 'कुठंतरी जाऊ या' म्हणून कान खाल्ले, दिरांनी महाबळेश्वर काढलं, सासूबाईंनी गुडघे दाखवले आणि जाऊबाई सहज म्हणाल्या, "बुऱ्हाणपूरला जाऊ या की."

जाऊबाईंचं माहेर रावेरकडचं. त्यांच्याकडं लग्नाचा बस्ता फाडायला बुऱ्हाणपूरला जायची पद्धत. म्हणजे कापडबाजार त्यांना पाठ, पण किल्ला, मशीद, मकबरे यातलं काहीही बघितलेलं नाही. मी म्हटलं, चालेल, निदान दुकानदार तरी ओळखीचे निघतील.

भाऊबीज आटोपली आणि निघालो. या दिवसांत जाण्यात एक शहाणपण आहे. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि तिकडंही काही वेगळं नसतं. सातपुडा शेजारी असला तरी पंखा लावून देत नाही. भुसावळ सोडलं की गाडी तापी ओलांडते, मग दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर, आणि दोन्ही बाजूंना केळीच केळी. डाव्या हाताला सातपुडा सोबत चालतो. दिरांच्या लहानग्याला केळीचे घड झाडावर उलटे लटकतात हे पहिल्यांदाच कळलं. पुण्यात जन्मलेलं पोर, काय करणार.

उतरल्यावर पहिली कटकट लॉजची. फोनवर दोन खोल्या कबूल केल्या होत्या, प्रत्यक्षात एकच निघाली आणि वर "ॲडजस्ट कर लीजिए" हा सल्ला. दिरांचा आवाज चढायच्या आत सासूबाईंनी पिशवी उचलली आणि बाहेर रिक्षात जाऊन बसल्या. रिक्षावाल्यानं आमचं बोलणं ऐकलं आणि चक्क मराठीत विचारलं, "अमळनेर का जळगाव?" त्याची बहीण यावल तालुक्यात दिलेली. त्यानंच आम्हाला शनवाऱ्याकडं दुसरी जागा दाखवली आणि पुढं सगळे दिवस आमचा तोच सारथी. सीमेची पाटी रस्त्यावर आहे हो, सोयरिकीत नाही.

खरं तर ही सीमाच अलीकडची. फारुकी सुलतानांच्या काळात बुऱ्हाणपूर खानदेशची राजधानी होतं. इंग्रजांनी त्याला मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात टाकलं आणि पुढं ते मध्य प्रदेशात गेलं. त्याआधीची गोष्ट मात्र आमच्या सासूबाईंच्या माहेराहून सुरू होते. त्या थाळनेरच्या. थाळनेर म्हटलं की त्या आधी लतादीदींचं आजोळ सांगतात, मग बाकीचं. पण फारुकींची पहिली गादी तिथलीच. मलिक राजा फारुकी थाळनेरात राज्य करत होता, १३९९ मध्ये तिथंच वारला, तिथंच त्याची कबर आहे. त्याच्या मुलानं, नासिर खानानं, अहिरांकडून असीरगड घेतला आणि तापीच्या काठी हे गाव वसवलं. सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावानं. पलीकडच्या काठावरचं जैनाबाद हे जैनुद्दीन शिराझींच्या नावानं. हे सगळं लेकीनं मोबाइलवर वाचून दाखवलं, तेव्हापासून सासूबाईंचा रुबाब बदलला. रिक्षावाल्याला सांगतात कशा, "मन्हा माहेरना राजानी वसाडेल शे हाई गाव."

आमच्या चिरंजीवांना इतिहासातलं एकच बुऱ्हाणपूर ठाऊक: संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये टाकलेला छापा. राज्याभिषेकाला महिनाही झाला नव्हता तोच मराठ्यांनी बहादूरपुरा लुटला. त्यामुळं शाही किल्ल्यात शिरल्याबरोबर त्यानं गार्डला विचारलं, "खजाना किधर था?" गार्ड हसला आणि हमामखान्याकडं बोट दाखवलं. छतावर रंगवलेली नक्षी अजून बऱ्यापैकी शाबूत आहे, मान दुखेपर्यंत बघत राहावी अशी. याच किल्ल्यात १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला आधी तापीपलीकडं आहुखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, पुरलं होतं, डिसेंबरात आग्र्याला नेलं. जाऊबाई तेवढंच म्हणाल्या, "चौदावं?" आणि सज्जातून खाली नदीकडं बघत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी नदीला हात जोडले. "हाई ते आपलीच तापी शे." आणि ते खरंच आहे. इथून निघालेलं पाणी भुसावळवरून थाळनेरच्या घाटाला लागूनच सुरतेकडं जातं.

जामा मशिदीत लेकीनं आम्हाला गप्प केलं. दहावीला संस्कृत घेतलं होतं तिनं, त्याचा उपयोग मार्कांपलीकडं होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. गांधी चौकातली ही मशीद राजा अली खान म्हणजे आदिलशाह फारुकीनं बांधली. आत अरबी लेख आहे तसाच संस्कृत लेखही आहे, नागरी अक्षरांत. सृष्टिकर्त्याला नमन करून सुरुवात, मग फारुकी राजांची वंशावळ, आणि काळ संवत १६४६, शके १५११. मशिदीत तिथी-संवत्सर! लेक एकेक अक्षर लावत बसली आणि तिथले एक वयस्कर गृहस्थ तिच्या शेजारी उभे राहून, न समजणाऱ्या ओळीवर बोट ठेवून "आगे, बेटा" म्हणत राहिले. त्यांनाही वाचता येत नव्हतं, पण ऐकायचं होतं.

आता कुंडी भंडारा, म्हणजे इथली जुनी जमिनीखालची पाण्याची व्यवस्था. याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण आमच्या ह्यांना मी इतकं गप्प कधी पाहिलं नाही. हे मोटारी बसवतात. सबमर्सिबल. अमळनेर, चोपडा, यावलपर्यंत कामं असतात. केळीपट्ट्यात पाणी कसं वर्षागणिक खोल चाललंय, गेल्या साली जिथं पाइप पुरला तिथं यंदा दोन जोडावे लागतात, हे रोज रात्री जेवताना आम्ही ऐकतो. तर हा माणूस शेताच्या कडेला रांगेनं उभ्या गोल कठड्यांसमोर उभा. दिसायला नुसत्या विहिरी. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशा शंभराहून जास्त, आणि खालून सगळ्या एकाच बोगद्यानं जोडलेल्या.

अब्दुर्रहीम खानखाना इथला सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, हे काम झालं. इराणकडचा एक भूजलाचा जाणकार होता, त्यानं हेरलं की सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडं उतरत असतं. ते नदीला मिळायच्या आत अडवायचं, बोगद्यात घ्यायचं, बोगद्याला बेताचाच उतार ठेवायचा, की पाणी आपल्या पायानं गावात येतं. वरच्या कुंड्या हवेसाठी आणि आत उतरून गाळ काढण्यासाठी. मोट नाही, रहाट नाही, काही नाही.

खाली जायला लिफ्ट आहे. लिफ्ट म्हणजे कशीबशी चार माणसं मावतील असा लोखंडी पिंजरा. ऐंशी फूट उतरतो. सासूबाई अर्थातच वर थांबल्या. उतरताना आधी विटा दिसतात, मग ओल, मग अंगावर गार हवा येते. खाली दगडात कोरलेला अरुंद बोगदा, आणि भिंतींवर चुनखडीचा पांढरा थर चढलेला, हात लावला तर खरखरीत. पायाखाली पाणी. इतकं नितळ की दिरांनी ते आहे हे न बघता सरळ बूट घातला. वर बघितलं की कुंडीचं तोंड ताटाएवढं, आणि त्या ताटात सासूबाईंचं डोकं, "वर या रे लवकर" म्हणत.

ह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, ओंजळ भरली, तोंडावर मारली आणि पाणी कुठून कुठं चाललंय ते मोबाइलच्या उजेडात बघत बसले. लिफ्टवाल्याला विचारलेले प्रश्न असे: गाळ केव्हा काढला? उन्हाळ्यात पातळी किती उतरते? आजूबाजूला बोअर किती झाले? शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, "बहुत." हे मान हलवून म्हणाले, "मग हे संपवणार आपणच." वर आल्यावर बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत. हा भंडारा आता युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलाय. चांगलंच आहे. पण यादीनं पाणी टिकत नाही, हे माझं नाही, मोटारी बसवणाऱ्या माणसाचं मत.

संध्याकाळी मावा जिलेबी. तिची ख्याती ऐकून होते. काळपट तपकिरी, जाड, गुलाबजाम जिलेबीच्या आकारात तळल्यासारखी. गरम असताना एक खाल्ली तर स्वर्ग, दुसरी खाल्ली तर रात्रीचं जेवण गेलं. दराबा मला जास्त आवडला. रवा, तूप आणि साखर फेटून फेटून इतका हलका करतात की जिभेवर ठेवायचा अवकाश. घरी करून बघितला, नाव घेऊ नका.

पण खरा तमाशा मांड्यांचा. खानदेशात मांडे म्हणजे पुरणाचे, उलट्या खापरावर भाजलेले. आमच्या सासूबाईंचे मांडे गल्लीत नावाजलेले. अक्षयतृतीयेला त्या चुलीपुढं बसल्या की मध्ये कुणी बोलायचं नाही. बुऱ्हाणपुरातही मांडे मिळतात, पण ते मैद्याचे, बिनपुरणाचे, मटणाच्या रश्श्याबरोबर खायचे. रस्त्यावरच भट्टी, तिच्यावर पालथी कढई. बनवणारा पोरगा गोळा घेतो, हातावर आपटतो, मग एका हातावरून दुसऱ्यावर, मनगटापासून कोपरापर्यंत फिरवत फिरवत त्याचं पातळ फडकं करतो आणि कढईवर असं झोकतो की एक सुरकुती नाही. आमचा मांडाही असाच, हातावरच वाढतो, पोटात पुरण सांभाळत.

सासूबाई आधी लांबून बघत होत्या. "याले मांडा म्हनतस? यामा पुरन कोठे शे?" मग जवळ सरकल्या. मग अगदी भट्टीला खेटून. पोरगा म्हणाला, "अम्माजी, जल जाओगे." या म्हणाल्या, "मी ते पन्नास वरीसफाईन करी ऱ्हायनी." त्याला शब्द कळले नाहीत, पण त्यांनी हवेतच हात फिरवून दाखवले तेव्हा त्यानं गोळा पुढं केला. आम्ही सगळे अवाक. बाईंनी बांगड्या वर सारल्या, गोळा घेतला, आणि तो वाढवला, पार कोपरापर्यंत. कढईवर टाकताना एक कडा दुमडली. "पीठ सैल शे," असं म्हणून त्यांनी दोष मैद्यावर ढकलला. पोरगा खूश होऊन त्या मांड्याचे पैसे घेईना. सासूबाईंनी ते त्याच्या गल्ल्यावर ठेवलेच. सासूबाई माळकरी, मटणाच्या दुकानासमोरून पदर लावून जाणाऱ्या. तो मांडा त्यांनी लॉजवर आणून दराब्याबरोबर खाल्ला.

असीरगडाला शेवटी धावती भेट झाली, कारण गाडीची वेळ. अकबरानं हा गड १६०१ च्या जानेवारीत घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. वर महादेवाचं मंदिर आहे, आणि अश्वत्थामा रोज पहाटे येऊन तिथं फूल वाहतो असं सांगतात. मुलानं लगेच शंका काढली: दिवाळीत तर तो आपल्या नंदुरबारच्या अस्तंब्याच्या डोंगरावर असतो, तिथं यात्रा भरते, मग इथं कोण येतं? सगळा सातपुडाच त्याचा आहे, असं म्हणून दिरांनी वेळ मारून नेली.

परतीच्या गाडीत पुढच्या वर्षीची चर्चा सुरू झाली. जाऊबाई मांडू म्हणाल्या, मुलगा गोवा म्हणाला, हे काही म्हणाले नाहीत, वहीत बोगद्याचा नकाशा काढत होते. सासूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं की थाळनेरचे हजिरे, म्हणजे फारुकींच्या कबरी, तुमच्यापैकी किती जणांनी बघितलेत. कुणीच नाही. लग्न होऊन मी या घरात आले त्याला वीस वर्षं व्हायला आली, थाळनेरला वर्षातून एक फेरी ठरलेली, पण आम्ही जातो ते मामांच्या ओट्यापर्यंत आणि जेवून परत. मामांना तिथूनच फोन लावला. दीर पुण्याला जायच्या आत, या रविवारी जातोय.