मुलाच्या कागदावर माझी रेष

अमेरिकेत ओहायोतल्या एका मिडल स्कूलमध्ये चित्रकलेच्या तासाला मी आठवड्यातून तीन दिवस मदतनीस म्हणून जाते. मागच्या मंगळवारी तिथे जे झालं ते मनातून जातच नाही, म्हणून लिहायला बसले.

सातवीचा वर्ग, प्रत्येक टेबलावर एक मग. एका मुलानं मगाचं तोंड सुरेख लंबगोल काढलं होतं, कानही बरा जमला होता, पण बूड पट्टी लावून ओढल्यासारखं सरळ. मगाचं बूड टेबलावर सपाट बसलंय हे मुलांना ठाऊक असतं, म्हणून डोळ्यांना दिसतं ते सोडून ती ठाऊक असलेलंच काढतात. सांगलीला बारा वर्षं शिकवताना ही चूक मी किती कागदांवर पाहिली असेल, मोजदाद नाही. माझा हात आपसूक पुढे गेला. त्याच्या हातून पेन्सिल घेतली, बुडाला गोलाई दिली आणि म्हटलं, "हे बघ, असं."

तास सुटल्यावर तिथल्या बाईंनी मला थांबवलं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आम्ही मुलांच्या कागदावर रेष मारत नाही. दाखवायचं तर आपल्या कागदावर दाखवायचं. त्याच्या चित्रातली प्रत्येक रेष त्याचीच हवी."

गाडीत बसले आणि घसा दाटून आला. ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाची पदविका केलेली, इतकी मुलं एलिमेंटरी-इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षांना बसवलेली बाई मी, आणि पेन्सिल कुठे टेकवायची हे मला सांगितलं जातंय!

आपल्याकडे सर कागदावर हात लावतात तो मुलाचा मान राखायचा नाही म्हणून नव्हे. माझ्या वर्गात ६८ मुलं असायची आणि तास ३५ मिनिटांचा. बोर्ड मांडीवर, एक पाण्याचा डबा चौघांत. प्रत्येकाला शब्दांत समजावत बसले असते तर तिसऱ्या रांगेपर्यंतच घंटा झाली असती. तिथे एक रेष मारून पुढे जाणं हेच शिकवणं होतं. इथे २४ मुलं, ४५ मिनिटं, अगदी मऊ, गडद सिक्स-बीपर्यंतच्या पेन्सिली कपाटात भरलेल्या. एवढं हाताशी असल्यावर नियम पाळता येतात.

बुधवारी मात्र बाईंनी जे केलं ते बघत राहिले. बूड सरळ काढणाऱ्या त्याच मुलाच्या हातात त्यांनी प्लास्टिकचा पारदर्शक पेला दिला. आत निळं पाणी. म्हणाल्या, "एक डोळा मीट, पाणी डोळ्यासमोर धर." पाण्याचा पृष्ठभाग नुसती आडवी रेष दिसायला लागला. "आता हळूहळू खाली ने." रेष उघडत गेली, लंबगोल झाली, पेला जितका खाली तितकी गोल. मग विचारलं, "पेल्याचं तोंड डोळ्याच्या जवळ की बूड?" मुलगा बघत राहिला. मग काही न बोलता त्यानं खोडरबर घेतला, माझी रेष पुसली आणि स्वतःची काढली. बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त, जशी दिसते तशीच! एवढं तर माझ्या रेषेतही नव्हतं. मी घाईत दोन्ही गोलाया सारख्याच काढल्या होत्या.

बाईंची सगळी आखणी अशीच पायरीपायरीची. आधी नुसत्या रेषा. मग फिक्यापासून गडदापर्यंत नऊ चौकोन, दोन चौकोनांतला फरक डोळ्यांना सारखा वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग चेंडू: उजेडाची जागा, अंधाराची जागा, टेबलावरून परत येणारा अंधूक उजेड, पडछाया. मग नळकांडं, आणि मगाची पाळी त्यानंतर. प्रत्येक पायरीला काय तपासणार हे आधीच सांगितलेलं असतं, आणि गुण द्यायच्या आधी मूल स्वतःच आपलं काम त्यावर ताडून बघतं.

पण हा सगळा कोर्स नऊ आठवड्यांचा. नंतर ही मुलं दुसऱ्या विषयाला जातील आणि कदाचित पुन्हा पेन्सिल धरणारच नाहीत. आपली ग्रेड परीक्षा गुणांसाठी आहे, इंटरमीजिएटच्या 'ए' ग्रेडला दहावीत ७ गुण मिळतात म्हणून पोरं बसतात, हे मला मान्य आहे. तरी त्या निमित्तानं वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असं सगळं हाताखालून जातं. दोन दोन वर्षं हात चालता राहतो. नऊ आठवड्यांत हात बसतो का? माझं मत, नाही.

रविवारी आईला फोन करून माळ्यावरची माझी आठवीची चित्रकलेची वही काढायला लावली. तिनं पानांचे फोटो पाठवले. तांब्याच्या चित्रात बुडाची गोलाई सरांची आहे, लगेच ओळखू येते: गडद, एका दमात ओढलेली. माझ्या रेषा बाजूला केसासारख्या बारीक. पुढच्या पानावर बादली आहे. तिचं बूड मी काढलंय, सरांचा हात कुठेच नाही, आणि ते बरोबर आहे.

ती दोन्ही पानं मी छापून घेतली आहेत. उद्या बाईंना दाखवणार आहे.