आरशाची फ्रेम ठरवताना दगडाचा तुकडा सोबत हवाच

आज गंगापूर रोडच्या एका फ्लॅटमध्ये बाथरूमच्या आरशाची फ्रेम ठरली. ओटा टॅन ब्राउन ग्रॅनाइटचा. मोबाइलमधल्या फोटोवरून फ्रेम निवडूच नये, कॅमेऱ्यात रंग वेगळा दिसू शकतो. बेसिनचं भोक कापल्यावर उरलेला तुकडा जपून ठेवा, दुकानात न्या आणि ओला करून बघा. पॉलिश नसलेल्या दगडाचा रंग पाण्याने बराच गडद होतो.

दगडातला मुख्य रंग सोडा, बारीक ठिपक्यांचा रंग धरा. टॅन ब्राउनमधल्या काळ्या ठिपक्यांना मॅट काळी ॲल्युमिनियम फ्रेम छान जुळते. पांढऱ्या मार्बलवर राखाडी रेघा असतील तर ब्रश केलेलं स्टील. पितळ फार देखणं दिसतं, पण नळ क्रोमचे असतील तर माझ्या मते नकोच. आणि एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची फ्रेम बाथरूममध्ये आणूच नका! खालच्या कडेतून पाणी शिरतं, ती फुगते, लॅमिनेट सुटतं.

रुंदी ओट्यापेक्षा दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच कमी ठेवा. फ्रेमची खालची कड बॅकस्प्लॅशच्या (ओट्यामागे भिंतीवर लावलेल्या पट्टीच्या) किमान दोन इंच वर हवी, नाहीतर शिंतोडे थेट सांध्यात जातात. बोअरचं पाणी असेल तर काळ्या फ्रेमवर क्षाराचे पांढरे डाग लगेच उठून दिसतात, तिथे राखाडी बरी.

चिकटवताना न्यूट्रल सिलिकॉनच मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशामागचा मुलामा खातं आणि कडा काळ्या पडतात.