"बाबांना सांगू नका"

आजच्या ओपीडीतही तेच. कॅन्सर निघालेला बायोप्सीचा रिपोर्ट हातात अन् दारातच पेशंटचा मुलगा: "डॉक्टर, बाबांना सांगू नका." खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाऊन तोंड उघडेनासं झालेला, गडचिरोलीहून नागपुरात आलेला माणूस, त्याला अंदाज असतोच. आधी त्यालाच विचारायचं, "काका, तुम्हाला काय वाटतं? किती जाणून घ्यायचंय?" मग निदान, एका वाक्यात. नंतर गप्प बसायचं. इथंच आपण डॉक्टर घसरतो: शांतता सोसवत नाही, म्हणून लगेच स्टेज, केमो, खर्च सुरू. घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात त्यातलं काही शिरत नाही. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर रात्रीही यायचं, हे मात्र लिहून द्या, त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. आणि वाईट बातमी दिल्यावर लगेच पुढचा नंबर बोलावू नका. पाच मिनिटं स्वतःसाठी. रांग ओरडेल, ओरडू द्या.